वाळवंटातल्या दवाखान्याचा प्लॅन: कोण कुणाला दिसतं, तिथून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई ॲडलेडच्या एका ऑफिसात आर्किटेक्ट आहेत. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या एका ॲबोरिजिनल (म्हणजे तिथल्या मूळनिवासी) वस्तीसाठी छोटा दवाखाना उभारायचं काम त्यांच्याकडे आलंय. वस्ती काहीशे लोकांची आणि जवळचं शहर कच्च्या रस्त्याने दिवसभराच्या अंतरावर. ऑफिसातल्या वरिष्ठांचं म्हणणं असं, की दर्शनी भिंतीवर ठिपक्यांची चित्रं घेऊ आणि प्लॅनला सापाचं वळण देऊ. ताईंना ते पटत नाही. पण मग इमारत ‘संस्कृतीला धरून’ असावी म्हणजे नेमकं काय करायचं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, तुमची शंका रास्त आहे. या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दर्शनी भिंत तूर्त बाजूला ठेवा. माणूस दवाखान्यात कोणत्या वाटेने येतो, आत पाऊल टाकण्याआधी त्याला कोण बसलंय ते दिसतं का, नको असलेल्या माणसाला टाळून तो नर्सपर्यंत पोचू शकतो का, सोबत आलेले दहा जण कुठे टेकतात, आणि एखाद्याने तिथे प्राण सोडला तर त्या खोलीचं पुढे काय होतं, या प्रश्नांची उत्तरं आधी मिळवा. तुमचा प्लॅन त्यातूनच तयार होईल. हे सुटलं नाही तर लोक दारापर्यंत येऊन परत फिरतात, आणि वाळवंटात परत फिरणं महागात पडतं. २०२०–२२ च्या अधिकृत आकडेवारीनुसार ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरच्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान ७१.९ वर्षं आहे, बायकांचं ७५.६. बाकीच्या ऑस्ट्रेलियन लोकांपेक्षा पुरुष ८.८ वर्षं आणि बायका ८.१ वर्षं कमी जगतात. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, संधिवाताच्या तापाने बिघडलेलं हृदय, हे वेळेवर आणि सातत्याने दवाखान्यात यावं लागणारे आजार आहेत. म्हणून लोकांना यावंसं वाटेल, आल्यावर थांबावंसं वाटेल अशी इमारत हा मला उपचाराचाच भाग वाटतो.

पहिली गोष्ट, तुमचा खरा मालक कोण ते शोधा. सिडनीच्या रेडफर्नमध्ये १९७१ साली ॲबोरिजिनल लोकांनी स्वतःची वैद्यकीय सेवा सुरू केली. १९७३ साली मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्ज शहरात सेंट्रल ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिनल काँग्रेस ही तशीच संस्था उभी राहिली. आज देशभर अशा शंभराहून जास्त संस्था आहेत, ज्यांचं संचालक मंडळ तिथल्याच लोकांनी निवडलेलं असतं. तुमचा दवाखाना अशा संस्थेचा असेल तर शेवटचा शब्द त्या मंडळाचा. सरकारी आरोग्य खात्याचा असेल तर वस्तीतल्या लोकांना त्यात खरा अधिकार किती, हे करारावर सही होण्याआधी स्पष्ट करून घ्या. ‘सल्लामसलत झाली’ म्हणून खूण करायला दुपारभर बोलावलेली बैठक कुणाच्याच कामाची नसते.

आणि वस्ती म्हणजे एकजिनसी गाव समजू नका. पापुन्यासारख्या ठिकाणी पिंटुपी, लुरिट्या, वार्लपिरी अशा वेगवेगळ्या भाषांच्या लोकांना सरकारने एकत्र आणून वसवलं. जमिनीचे पारंपरिक हक्कदार एक कुटुंब असतं, बैठकीत इंग्रजीत सफाईने बोलणारा माणूस दुसराच असतो. दवाखाना एका गटाच्या घरांना चिकटून उभा राहिला तर दुसरा गट तिकडे फिरकत नाही. जागा ठरवताना नकाशावर बोट ठेवू नका. जुन्या माणसांसोबत चालत जा. नॉर्दर्न टेरिटरीत पवित्र स्थळांच्या संरक्षणाचा १९८९ चा कायदा आहे. तिथल्या प्राधिकरणाकडून खोदकामाआधी प्रमाणपत्र घेतलं म्हणजे कायद्याचं संरक्षण मिळतं, ते घ्याच. पण प्रमाणपत्र हातात आलं म्हणून चालणं टाळू नका. काही जागा फक्त बायकांच्या असतात, काही फक्त पुरुषांच्या, आणि एकीकडची माहिती दुसरीकडच्यांना सांगता येत नाही. त्यामुळे तुमच्या चमूत बाई आणि पुरुष दोघंही हवेत. तुम्ही स्वतः जाताय हे चांगलंच आहे. बायकांच्या भागाबद्दल बायका तुमच्याशी जे बोलतील ते माझ्याशी कधीच बोलणार नाहीत.

बैठकीत ‘हो’ ऐकलं की हुरळून जाऊ नका. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं अवघड वाटतं, म्हणून पुष्कळदा मान डोलावली जाते. प्रश्न असा विचारा की हो-नाहीत उत्तर देता येणार नाही. मग गप्प बसा. शांतता लांबली तरी ती भरायची घाई करू नका, उत्तर त्या शांततेनंतरच येतं. आणि छापील ड्रॉइंग फारसं दाखवू नका. मला सगळ्यात उपयोगी पडलेली पद्धत अगदी साधी आहे: ज्या जागेवर इमारत येणार तिथेच दोऱ्या ताणून, फक्कीच्या रेघा मारून खऱ्या मापाचा प्लॅन जमिनीवर आखायचा आणि लोकांना त्यातून चालायला सांगायचं.

एका वस्तीत असा प्लॅन आखला होता. दरवाजांच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या होत्या. एक म्हाताऱ्या बाई नातवाचा हात धरून मुख्य दारापर्यंत आल्या, आत वळल्या आणि थांबल्या. मागे फिरून त्या बाहेर चिंचोळ्या सावलीत जाऊन बसल्या. कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने तिथल्याच एका आरोग्य कर्मचारी बाईंनी मला हळू आवाजात समजावलं: आत आलं की समोरच्या बाकावर कोण बसलंय ते कळायच्या आतच आपण त्याच्या पुढ्यात उभ्या राहतो. तिथे जावई असला तर?

त्या भागात सासू आणि जावई एकमेकांसमोर येत नाहीत, बोलत नाहीत, नजर भिडवत नाहीत. हा आदर आहे, आणि तो मोडला तर दोघांनाही भयंकर लाज वाटते. असे टाळायचे नातेसंबंध आणखीही आहेत आणि ते प्रत्येक भागात वेगळे असतात. आता नेहमीचा दवाखाना आठवा: एक दार, दारासमोर काउंटर, समोरासमोर मांडलेल्या खुर्च्या, मागे एकच बोळ. अशा ठिकाणी ज्या माणसाला टाळायचंय त्याला टाळताच येत नाही. मग बाई ‘नंतर येईन’ म्हणते आणि साखर तपासायची राहून जाते. नोंदवहीत शेरा पडतो, रुग्ण आली नाही.

म्हणून प्रतीक्षेची जागा एक नको, तीन-चार लहान जागा हव्यात, आणि त्यातल्या निदान दोन बाहेर, सावलीत. लांबून येताना कोण बसलंय ते दिसलं पाहिजे. त्यासाठी भिंतीऐवजी जाळी, झाडं, कमरेएवढा कट्टा वापरा. प्रत्येक जागेतून निघायला दुसरी वाट हवी, म्हणजे नको ते माणूस आलं तर गाजावाजा न करता उठून जाता येईल. बसायच्या जागा समोरासमोर नकोत, कडेकडेने आणि वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असाव्यात. नर्सने बाहेर येऊन बोलावायचं, की नाव पुकारायचं, हेही आधी विचारून घ्या. पुरुषांचा आणि बायकांचा भाग वेगळा, दारं वेगळी, आणि शक्यतो इमारतीच्या वेगवेगळ्या बाजूंना. पण गुप्तरोगाच्या तपासणीसाठी पाटी लावून स्वतंत्र दार करू नका, त्या दारातून कोण शिरलं ते सगळ्या गावाला कळतं. शौचालयाचं दार प्रतीक्षेच्या जागेसमोर उघडत असेल तर ते कुणी वापरणार नाही, मग लघवीचा नमुना मागून काय उपयोग?

तपासणीच्या खोलीला दोन दारं ठेवा. रुग्णाला सोयीची वाट मिळते आणि नर्सलाही सुटकेची. २०१६ साली साउथ ऑस्ट्रेलियात अशाच दुर्गम वस्तीत काम करणाऱ्या एका नर्सची हत्या झाली, आणि त्यानंतर तिथे कायदा झाला की वेळेबाहेर रुग्णाकडे जाताना नर्ससोबत दुसरं माणूस असलंच पाहिजे. हे दुसरं माणूस बहुतेक वेळा वस्तीतलंच असतं. त्याला बसायला, रात्री चहा करायला जागा तुमच्या प्लॅनमध्ये आहे का, ते बघा. कर्मचाऱ्यांची घरंही याच कामाचा भाग समजा. घरं वाईट असली की नर्स टिकत नाहीत, आणि दर दोन महिन्यांनी नवा चेहरा समोर आला की लोक बोलायचे थांबतात.

पडवी हा माझ्या मते अशा इमारतीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि खर्च कापायची वेळ आली की कात्री पहिली तिच्यावरच चालते. तसं होऊ देऊ नका. माणूस एकटा येत नाही. मावश्या, आज्या, लेकरं, कुत्री असा सगळा गोतावळा येतो. बंद खोलीत, थंडगार एसीत, क्षितिज न दिसता बसणं पुष्कळांना कोंडल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, हिवाळ्यातल्या पहाटे गोठणबिंदूच्या खाली, म्हणून एका पडवीने भागत नाही. सकाळच्या उन्हाची एक बाजू आणि दुपारच्या सावलीची दुसरी, वारा अडवणारा आडोसा, शेकोटीची जागा, पिण्याच्या पाण्याचा नळ, जमिनीवर बसता येईल अशी स्वच्छ फरशी. इथून आपल्या मुलखाकडे, म्हणजे विशिष्ट टेकडीकडे किंवा कोरड्या नदीपात्राकडे, नजर जायला हवी. ती दिशा कोणती, हे तुम्हाला तिथलेच लोक सांगतील.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या न्यूमनमधल्या पुंटुकुर्नू ॲबोरिजिनल मेडिकल सर्व्हिसची इमारत बघा. कॉनिट्झ युंग या आर्किटेक्टनी ती तिथल्या मातीच्या धुम्मस केलेल्या भिंतींची, अंगणाभोवती बांधली आहे. त्याच राज्यातल्या वॉर्मुन वस्तीमधलं वालुंबा एल्डर्स सेंटरही बघा. मार्च २०११ च्या पुरात ती वस्ती उद्ध्वस्त झाली. त्यानंतर ज्येष्ठांसाठी आयर्डेल पेडरसन हूक यांनी जमिनीपासून उंच उचललेली इमारत दिली, आणि तिच्यात बाया-पुरुषांच्या वेगळ्या जागांचा आणि विधींचा विचार आधीपासून केलेला आहे. दोन्हींचे फोटो सुंदर आहेत, पण फोटोंपेक्षा त्यांचे प्लॅन नीट वाचा.

मृत्यूबद्दल कुणी ब्रीफमध्ये, म्हणजे कामाच्या मागणीपत्रात, लिहीत नाही, आणि छोट्या दवाखान्याची सगळ्यात मोठी अडचण तिथेच होते. कुणी गेलं की वस्तीत दुखवटा सुरू होतो. आपल्याकडच्या सुतकासारखाच त्याला स्वतःचा काळ आणि नियम असतात, पण तो नुसता घरापुरता राहत नाही, सगळी वस्ती थांबते. गेलेल्याचं नाव घेत नाहीत, फोटो झाकतात. जिथे प्राण गेला त्या खोलीत पानांचा धूर करून ती शुद्ध करेपर्यंत लोक आत पाय ठेवत नाहीत. आता समजा तुमच्या दवाखान्यात तातडीच्या उपचाराची एकच खोली आहे, आणि तिथेच एखाद्याने प्राण सोडला. ऑक्सिजन, मॉनिटर, औषधं सगळं त्या खोलीत. उद्या अपघातातला मुलगा आला तर त्याला कुठे घेणार?

यावर उपाय आहेत, पण ते पहिल्या रेघेपासून लागतात. शेजारची तपासणीची खोली एवढी मोठी करा, ऑक्सिजनची जोडणी तिथेही द्या, की वेळ पडल्यास ती तातडीची खोली होईल. तातडीच्या खोलीला थेट बाहेर उघडणारं रुंद दार ठेवा. त्या दारातून अँब्युलन्सचं स्ट्रेचर येतं, विमानाच्या धावपट्टीकडे रुग्ण जातो, आणि नातेवाइकांना इतर रुग्णांमधून न जाता आत येऊन रडता येतं. धूर घेताना आगीची सूचना देणारी यंत्रणा पूर्ण इमारतीत कोकलली तर तो विधीचा अपमान होतो. त्या खोलीपुरती यंत्रणा ठरावीक वेळ वेगळी करता येईल, अशी सोय अग्निशमन सल्लागाराकडून लेखी घ्या. पंख्याची वाट अशी ठेवा की धूर लसींच्या फ्रीजकडे जाणार नाही. मृतदेह ठेवायची थंड खोली मागच्या कोपऱ्यात कचऱ्याच्या डब्यांशेजारी काढू नका. त्या कुटुंबाला तिथे उभं राहावं लागतं. तिच्यापुढे सावली आणि बसायला जागा द्या. आणि भिंतीवर माणसांची नावं कोरून कायमच्या पाट्या लावू नका, जे झाकता किंवा काढता येईल असंच काही लावा.

कानाबद्दलही लिहायला हवं, कारण आर्किटेक्ट लोक हे विसरतात. वाळवंटी वस्त्यांमध्ये मुलांना लहानपणापासून कान फुटण्याचा त्रास वारंवार होतो आणि मोठेपणी अनेकांना कमी ऐकू येतं. नर्सची इंग्रजी त्यांची तिसरी-चौथी भाषा असते. त्यात पत्र्याचं छप्पर, गुळगुळीत फरशी, डोक्यावर घरघरणारा एसी असला तर औषध किती वेळा घ्यायचं ते कळणारच नाही. छताला आवाज शोषणारं अस्तर, शांत यंत्रं, दारांच्या फटी बंद, दुभाषाला बसायला तिसरी खुर्ची. हा खर्च वाचवू नका. भिंतीही अशा हव्यात की बाजूच्या खोलीतलं बोलणं ऐकू जाणार नाही.

आता पाणी आणि डागडुजी. एपीवाय लँड्स या साउथ ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल मालकीच्या वाळवंटी मुलखातल्या नगानाम्पा हेल्थ कौन्सिलचे संचालक यामी लेस्टर यांनी १९८० च्या दशकात एका आर्किटेक्टला, डॉक्टरला आणि पर्यावरण आरोग्याच्या जाणकाराला कामाला लावलं: लोक आजारीच पडू नयेत म्हणून काय करायचं ते सांगा. त्यातून १९८७ चा अहवाल आला आणि पुढे हेल्थहॅबिटॅट संस्थेचं काम उभं राहिलं. त्यांनी निरोगी राहण्याच्या नऊ गोष्टी क्रमाने मांडल्या. पहिली, माणसाला, त्यातही लहान मुलांना, रोज आंघोळ करता येणं. हजारो घरं तपासून त्या तिघांपैकी आर्किटेक्ट पॉल फोलेरोस सांगत, की घरातल्या बिघाडांपैकी सुमारे ७० टक्के नियमित डागडुजी न झाल्याने होतात, २१ टक्के मुळातच वाईट बांधकामामुळे, आणि राहणाऱ्यांच्या गैरवापरामुळे जेमतेम ९ टक्के. ‘ते लोक घरं मोडतात’ असं तुम्हाला शहरात हमखास ऐकवलं जाईल. तेव्हा हे आकडे समोर ठेवा.

दवाखान्यालाही हेच लागू आहे. बोअरच्या पाण्यात क्षार एवढे, की नळ, गीझर, व्हॉल्व्ह बघता बघता जाम होतात. प्लंबर शेकडो किलोमीटरवरून येतो. बदलायचा भाग जवळच्या शहरातल्या साध्या दुकानात मिळतो का, हे विचारूनच वस्तू निवडा. एक मोठा केंद्रीय एसी बसवण्यापेक्षा वेगवेगळी छोटी यंत्रं बसवा, एक बंद पडलं तरी दवाखाना चालू राहतो. लसींना २ ते ८ अंश तापमान लागतं, तेव्हा जनरेटर आपोआप सुरू होतो का ते उद्घाटनाआधी स्वतः वीज तोडून तपासा. आणि पाना हातात घेणाऱ्या स्थानिक माणसाचा पगार अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून लिहा. मी याला संस्कृतीचाच भाग मानतो. आंघोळीचा नळ तीन महिने बंद ठेवणारी इमारत त्या लोकांना आपली कशी वाटेल?

डायलिसिसचा विषय निघाला तर पर्पल हाउसची, म्हणजे दुर्गम वस्त्यांत डायलिसिस चालवणाऱ्या ॲबोरिजिनल संस्थेची, गोष्ट मंडळाला नव्याने सांगायची गरज पडणार नाही, ती सगळ्यांना ठाऊक असते. तुम्हाला मात्र ठाऊक हवी. मूत्रपिंड निकामी झालेल्या पिंटुपी लोकांना ॲलिस स्प्रिंग्जला जाऊन राहावं लागे, नातवंडांपासून आणि स्वतःच्या मुलखापासून पाचशेहून जास्त किलोमीटर दूर. २००० साली ‘पापुन्या तुला’ या ॲबोरिजिनल कलासंस्थेच्या चित्रकारांनी आपली चित्रं सिडनीच्या आर्ट गॅलरी ऑफ न्यू साउथ वेल्समध्ये लिलावाला ठेवली, दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी राहिली, आणि २००४ मध्ये पिंटुपींच्या किंटोर गावातच डायलिसिस सुरू झालं. दुर्गम भागातल्या डायलिसिससाठी मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचा स्वतंत्र दर २०१८ मध्ये आला. म्हणजे लोकांनी आधी स्वतः करून दाखवलं, सरकार मागून आलं. बांधकामाच्या दृष्टीने लक्षात ठेवा: चार तासांच्या एका बैठकीत यंत्रातून सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी जातं, आणि ते शुद्ध करताना वाया जाणारं पाणी वेगळंच. ते बाहेर कुठे सोडायचं, त्यावर सावलीची झाडं वाढवता येतील का, हे आत्ताच ठरवा. खुर्च्या अशा ठेवा की चार तास बाहेर बघता येईल.

आपल्या महाराष्ट्रात हाच विचार गडचिरोलीत झालेला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही आरोग्यसंस्था सुरू केली. आदिवासींना दवाखान्याची भीती का वाटते, असं त्यांनी विचारलं. पांढरे कपडे घातलेली माणसं बघून धडकी भरते, कारण पांढरं कापड आपण मेलेल्या माणसाला गुंडाळतो, आणि आत नेल्यावर नातेवाइकांना बाहेर काढतात, अशी कारणं पुढे आली. म्हणून ‘सर्च’च्या शोधग्राम या आवारातला दवाखाना झोपड्यांच्या पाड्यासारखा झाला, नातेवाइकांना सोबत राहता येईल असा, आणि त्याला नाव मिळालं तिथल्या आदिवासींच्या देवीचं, मां दंतेश्वरीचं. गोंडांची उत्तरं पिंटुपींना लागू पडणार नाहीत. विचारण्याची पद्धत मात्र तुम्ही निःशंक उचला.

राहिली भिंतीवरची चित्रं. ठिपक्यांची चित्रशैली १९७१ च्या सुमारास पापुन्यात आधी फळ्यांवर, मग कॅनव्हासवर उतरली आणि जगभर गेली, पण त्या चित्रांतल्या कथांना मालक असतात. कोणती कथा कुणी रंगवायची आणि कुणी बघायची, याचे नियम असतात. उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमध्ये तर चित्रांची परंपराच वेगळी आहे, तिथे बारीक तिरकस रेघांची जाळी असते. तेव्हा इंटरनेटवरून नमुना उचलून पॅनेलवर छापणं म्हणजे चोरीच. वस्तीतल्या कला केंद्रामार्फत चित्रकाराला काम द्या, करार करा, हक्क त्याच्याकडेच ठेवा आणि पैसे रीतसर मोजा. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या वानार्न वस्तीच्या दवाखान्यात स्थानिक कलाकारांची चित्रं पडद्यांच्या जाळीत उतरवली आहेत. ती जाळी सावली देते, आडोसा करते आणि आतून बाहेरचं दिसूही देते. सापाच्या आकाराचा प्लॅन मात्र नको. तो फक्त विमानातून दिसतो आणि आतल्या खोल्या वेड्यावाकड्या होतात. शिवाय तो साप कुणाच्या कथेतला, हे तुमच्या वरिष्ठांनी कुणाला विचारलंय का?

त्यांच्याशी भांडत बसू नका. दर्शनी पॅनेलसाठी धरलेली रक्कम काढा, तेवढ्यात किती चौरस मीटर पडवी होते ते मांडा आणि दोन्ही पर्याय मंडळापुढे ठेवा. फीच्या करारात आणखी दोन भेटी आत्ताच लिहून घ्या: एक भर उन्हाळ्यात, दुसरी दोषदुरुस्तीची मुदत संपायच्या आत. त्या भेटीत कुठल्या बाकावर कुणी बसतच नाही, कुठलं दार दगड लावून कायम उघडं ठेवलंय, लोकांनी स्वतःहून खुर्ची कुठे ओढून नेलीय, हे टिपा आणि दुरुस्त्यांची यादी मंडळाच्या सहीने ठेकेदाराकडे द्या.